पंपाची जबानी

महालिंगअप्पा गाडी दुरुस्त करत नसत, तिची चौकशी करत. व्हॅन बंद पडली की सीटखालचं झाकण उघडून ते एकेक भाग हातात घेत. "आधी जबानी घ्यायची, बाई. शिक्षा मागून." भाग निर्दोष निघाला की त्याला फडक्यानं पुसत, "जा, सुटलास" म्हणत आणि परत बसवत.

किराणा दुकान मोडून त्यांनी ही जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली होती. टीव्हीवर रोज नव्या गाडीची जाहिरात यायला लागली होती. लोक म्हणत, "अप्पा, भंगारात घाला ती." अप्पा म्हणत, "का म्हून? बंद पडती, पण खोटं बोलत न्हाई."

माजलगावकडच्या खेड्यात मी शाळेवर होते. त्या वर्षी आमच्या सहा मुली दहावीला बसल्या. केंद्र धारूरला, आणि सकाळची एसटी पोचायची पेपर सुरू झाल्यावर. म्हणून अप्पांची व्हॅन ठरवली. एकीचे वडील मला तोंडावर म्हणाले होते, "एक पेपर जरी बुडाला तर उन्हाळ्यात लगीन उरकतो, मग बोलायचं न्हाई." बाकीचे बोलले नव्हते, एवढाच फरक.

पहिल्याच पेपराला, धारूरच्या घाटात, ऐन चढावर व्हॅननं आचके दिले आणि थांबली. मी उतरून चाकामागे दगड लावला. अप्पांनी गाडी पुन्हा चालू केली. जेमतेम वळणापर्यंत गेली, पुन्हा बंद.

"पेट्रोल वर येत न्हाई. पंपाची जबानी घ्यावी लागती."

"जबानी नंतर घ्या, अप्पा. पाऊण तास राहिलाय."

"घाईत निरपराध फाशी जातो, बाई."

घाट उतरणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर अप्पांच्या ओळखीचा. "लई तापलाय, पंपच गेलाय तुझा! काढून फेक बे!"

"तू साक्षीदार हायस का?"

"न्हाई."

"मग नीघ."

तो हसत उतारानं गेला. मुली मात्र हसल्या नाहीत. सुनंदा पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. लग्नाची धमकी मिळाली होती ती तिलाच.

अप्पांनी पंपावर ओलं फडकं टाकलं. थंड झाला, तरी काही नाही. मग तो खोलला. आतला पडदा धड, स्प्रिंग धड. "जा, सुटलास." परत बसवायला त्यांनी एवढा वेळ लावला की मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. नंतर टाकीकडून येणारी नळी तोंडात धरून त्यांनी ओढली. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं, पेट्रोल आलं नाही. ते थुंकले.

"नळीबी खरं बोलती. टाकीच देत न्हाई."

"मग टाकी उघडा."

अप्पा हलले नाहीत. "टाकीला काय हुतंय? सकाळीच भरली की." चौकशी टाळणारे अप्पा मी पहिल्यांदाच बघत होते.

मी स्वतः जाऊन झाकण फिरवलं. ते घट्ट बसलं होतं. जोर लावला तशी आत सूंऽऽ करून हवा शिरली.

"बाई, टाकीनं श्वास घेतला!" सुनंदा ओरडली.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं होतं; हवा आत जाईना म्हणून पेट्रोल बाहेर येईना. झाकणभर पांढऱ्या भस्माचे पट्टे, एकावर एक, वाळून टणक झालेले.

"हे काय, अप्पा?"

अप्पांनी मान खाली घातली. "पोरी परीक्षेला निघाल्या. कपाळाला लावावं म्हणलं, पण आमी कोण त्यांचे? म्हणून झाकणाला लावलं. एकेकीच्या नावानं. जरा जाड झालं."

"मग एवढ्या चौकशीत बोलला का नाहीत?"

"सगळ्यांची जबानी घेतली, बाई. माझीच कुनी घेतली न्हाई."

रागवायलाही वेळ नव्हता. केसातली पिन काढून मी भोक मोकळं केलं. व्हॅन घाट चढली. केंद्राची शेवटची घंटा होत असताना मुली धावत आत गेल्या.

पुढच्या पेपराला अप्पा शाळेसमोर उभे होते. झाकण घासून लख्ख केलेलं. भस्माचा खडा मात्र खिशात होता. खिसा पांढरा झालेला दिसत होता. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकरू नव्हतंच. घरातून कुणी कधी परीक्षेला निघालं नव्हतं.

सुनंदा पुढे झाली. "अप्पा, आज टाकीला नगं. आमालाच लावा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आटपा लवकर, उशीर होतोय."

पंपाचे बारीक स्क्रू सहज खोलणाऱ्या त्या हातानं त्यांनी भस्म ओलं केलं. पट्टे वाकडे उमटले. प्रत्येकीच्या कपाळावर बोटं ओढून ते हळूच म्हणत होते, "जा, सुटलीस."

सगळ्या आत बसल्या तरी अप्पांची बोटं तशीच वर राहिली होती. मी असलं काही मानत नाही. घड्याळ बघितलं, आणि पुढे होऊन त्या बोटांखाली माझं कपाळ धरलं.