सोनवणे गुरुजी आणि अंगठा

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी कळस गावात, ग्रामपंचायतीसमोरच्या चहाच्या टपरीवर, निवृत्त प्राथमिक शिक्षक सोनवणे गुरुजींनी चार माणसांचे अंगठे निळ्या शाईत बुडवले. चौघेही शिकलेले होते. एक उपसरपंच, एक ट्रॅक्टरच्या शोरूमचा मॅनेजर, एक हायस्कूलचा मास्तर आणि चौथा मी. मी बारामतीच्या एका दैनिकात बातम्या तपासतो आणि गुरुजींच्या शेजारी राहतो.

आमचा गुन्हा असा. गुरुजींनी मोबाइलवर गावच्या ग्रुपमध्ये लिहिले होते, ‘रविवारी सकाळी विहारातल्या वाचनालयाची पुस्तके लावायची आहेत. कोण येणार?’ आम्ही चौघांनी खाली पिवळा अंगठा टाकला. रविवारी गुरुजींनी पातेलेभर चहा ठेवला. कोणीही गेले नाही. सोमवारी ते खिशात शिक्क्याच्या शाईचे पॅड घेऊन टपरीवर आले.

“अंगठा दिलाय न्हवं? मग पुरता द्या.”

“गुरुजी, मेसेज वाचला म्हणून दिलेला अंगठा व्हता त्यो,” उपसरपंच म्हणाले.

“आन मी तुमी येनार म्हणून चहा ठेवला व्हता!”

शाई साबणाने जात नाही. हे मी स्वतः तपासले आहे.

अंगठ्याशी गुरुजींचे वैर जुने. नोकरीत असताना शाळा सुटल्यावर ते विहारात मोठ्या माणसांचा वर्ग घेत. गावातल्या कित्येकांना सही करायला त्यांनी शिकवले. वर्गातली पहिली विद्यार्थिनी त्यांची बायको, कौसाकाकू. त्यामुळे मोबाइलवरचा अंगठा त्यांना स्वतःच्या कामावर फिरवलेला बोळा वाटतो. “अख्खा गाव अंगठ्यावरनं सहीवर आणला,” हे त्यांचे पालुपद. “आन तुमी डिग्र्या घेऊन परत अंगठ्यावर आला. आता शाई लागत न्हाय, एवढीच काय ती प्रगती.”

स्वतः ते मोबाइलवर पत्र लिहितात. सुरुवातीला सप्रेम नमस्कार, शेवटी कळावे. कोणी सकाळी गुलाबाचे चित्र पाठवले तर उत्तर देतात, ‘फूल मिळाले. झाड कुठे आहे?’ समोरचा मोबाइलमध्ये बघू लागला की ते वाक्य अर्ध्यावर थांबवतात आणि त्याने मान वर केली की पुढच्या शब्दापासून सुरू करतात. एकदा भिगवणच्या हॉटेलात भाच्याशी बोलताना ते “म्हणून तुझ्या बापानं” इथे थांबले. मासे आले. खाऊन झाले. भाच्याने हात धुऊन वर पाहिले तेव्हा गुरुजी म्हणाले, “मला बोलावलं.” भाच्याला कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळले नाही.

त्यांचा मुलगा प्रशांत बंगळुरूला एका कंपनीत असतो. मुलगा चांगला आहे, असे सगळे सांगतात. फोन केला तर म्हणतो, “मीटिंगमध्ये आहे, मेसेज टाका.” गुरुजी मेसेज टाकतात. उत्तर येते ते अंगठ्याचे.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइलवरचे त्यांना दिसत नसे. घरात मोबाइल एकच, गुरुजींचा. संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून काकू विचारत, “काय लिवलंय पोरानं?” आणि गुरुजी चष्मा लावून वाचत. आमच्या दोन घरांमध्ये कंबरेइतकी भिंत आहे. मला ऐकू येई. ‘आई, इथे थंडी पडली आहे. तू स्वेटर घालतेस ना?’ ‘आई, तुझ्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण आली.’ प्रशांत इतके लिहितो, याचे मला कौतुक वाटे.

एका संध्याकाळी गुरुजी भिंतीपाशी आले. मोबाइल माझ्यासमोर धरला.

“तुमी पेपरवाले. बातमी पक्की करायचा धंदा तुमचा. ह्याचा अर्थ सांगा.”

वर गुरुजींचा मेसेज होता. ‘चि. प्रशांत, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात बारामतीला आहे. पट्टी सुटल्यावर ती तुझे मेसेज स्वतः वाचील. त्याआधी आईला चार ओळी लिही. काहीही लिही. कळावे.’

खाली पिवळा अंगठा.

मी बोट सरकवून मागचे पाहिले. स्वेटर नव्हते. चटणी नव्हती. अंगठे होते.

“लिहितो म्हणतोय, का नुसतं वाचलं म्हणतोय?” गुरुजींनी विचारले.

“पुष्टी करता येत नाही, गुरुजी.”

“मग काय उपेग तुमचा,” असे म्हणून ते घरात गेले.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना माझ्या गाडीतून मीच नेले. वाटेत गुरुजी दर थोड्या वेळाने मोबाइल बघत होते. इतरांना त्यासाठी त्यांनी चारचौघांत झापलेले मी पाहिले आहे. काकू म्हणाल्या, “आवो, माझं वाक्य अर्ध्यावर ऱ्हायलंय.”

दवाखान्यात परिचारिकेने संमतीचा कागद पुढे केला. काकूंचे डोळे बघून ती म्हणाली, “आजी, सही राहू द्या. अंगठा द्या.”

“अंगठा?” काकू म्हणाल्या. “माझा मालक कोण हाय ठावं हाय का तुला? पेन दे.”

त्यांनी डाव्या हाताने कागदाची कड चाचपली आणि उजव्याने सही केली. सही रेघ सोडून बरीच वर गेली, पण पूर्ण झाली. कौसाबाई सोनवणे, काना-मात्रांसकट. गुरुजी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचण्यात गुंतले होते. त्यावर मोजकीच अक्षरे होती. ती वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. ऑपरेशन चांगले झाले, असे डॉक्टरांनी सांगितले. काकूंनी आधी गुरुजींकडे पाहिले आणि म्हणाल्या, “लई म्हातारं झालात की वो.”

संध्याकाळी मी त्यांच्याकडे भाजीची वाटी घेऊन गेलो. काकू काळा चष्मा काढून खाटेवर बसल्या होत्या.

“मोबाइल आणा हिकडं.”

“चार्जिंग न्हाय,” गुरुजी म्हणाले. खिशात मोबाइल वाजला.

“वाजतोय की. आणा.”

गुरुजींनी दिला. काकूंनी तो जवळ धरला, लांब धरला, मग नीट अंतर सापडले. बोटाने वर सरकवत गेल्या. बराच वेळ सरकवत होत्या. गुरुजी खाली बघत उभे होते. मी वाटी कुठे ठेवावी ते मला कळेना.

“समदे अंगठेच हायती,” काकू म्हणाल्या.



काकूंनी पदराने मोबाइलची काच पुसली, काळा चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मोबाइल गुरुजींच्या हातात दिला.

“माझी नजर अजून बसली न्हाय. तुमीच वाचा. आज काय लिवलंय?”

गुरुजींनी चष्मा लावला. घसा खाकरला.

“‘आई,’” त्यांनी वाचले, “‘आता कसं दिसतंय?’”

“लख्ख दिसतंय म्हनावं,” काकू म्हणाल्या.