तुझा कोण?

रविवारची उपासना संपून आशीर्वाद झाला, की आमच्या महाडच्या ख्रिस्ती मंडळीतली निम्मी माणसं मागच्या दाराने सटकायची. कारण पुढच्या दारात दाविद मुकादम, आमचे सगळ्यांचे काका, उभे असायचे. बाहेर पडणाऱ्याचा सलाम घेऊन ते त्याचा हात गच्च धरून ठेवायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "तुझा कोन?"

नवख्याला या प्रश्नाचा अर्थच लागत नसे. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका लग्नाच्या मुलीला त्यांनी तिच्या आईसमोरच हे विचारलं. मुलगी लाजून चूर झाली आणि आईने घरी नेऊन तिची चांगली उलटतपासणी घेतली. काकांना विचारायचं होतं ते इतकंच, की प्रभूच्या वाटेवर तू ज्याला हाताला धरून चालवतेस, असं तुझं माणूस कोण?

काकांची सगळी हयात आंबेनळी घाटात रस्त्याच्या कामावर गेली. तिथे ते मुकादम होते. दरीपलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय, त्यामुळे खोलीतल्या खोलीत बोलायचा आवाज त्यांच्याकडे नव्हताच. ऐन तारुण्यात घाटात हिवतापाने पडले असताना मिशनच्या दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने त्यांना स्वतःच्या ओटीवर ठेवून घेतलं, पेज पाजली, जगवलं. बरे झाल्यावरही काका त्या ओटीवर जात राहिले आणि पुढे त्यांचा बाप्तिस्मा झाला. धोंडूचे दाविद झाले. नोकरी संपल्यावर महाडात एक खोली घेऊन राहिले. लग्नाचं मात्र राहून गेलं ते गेलंच.

आमची मंडळी म्हणजे जेमतेम दहा-बारा घरं. एस्टीतला ड्रायव्हर, दवाखान्यातली नर्स, शाळेतले मास्तर, कचेरीत कारकुनी करणारा मी, अशी पोटामागे आलेली माणसं. भातगिरणीच्या मागची एक खोली आम्हाला उपासनेला मिळाली होती. गिरणीचा मालक भला माणूस, प्रार्थनेपुरता पट्टा बंद ठेवायचा. पण प्रवचन लांबलं की गिऱ्हाइकं ओरडायला लागायची. मग काका खिशातून मुकादमकीची शिट्टी काढून मांडीवर ठेवत. वाजवली कधीच नाही. पाळकसाहेबांना ती नुसती दिसली तरी "शेवटी" हा शब्द लवकर यायचा.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या विधीला पुण्याहून येत. एकदा त्यांनी शिष्य करण्यावरच सुंदर प्रवचन केलं. माझ्या बायकोने डोळे पुसले. काका उठून उभे राहिले.

"पाळकसायेब, तुमचा कोन?"

"माझी सगळी मंडळी, दाविदराव."

"सगळी म्हंजे कोनच नाय! सगळ्यांनी खडी टाका म्हटलं तर घाटात कोन टाकतो? नाव घेऊन सांगावं लागतं. तू ही टोपली उचल, तू ती. प्रभूनं नावानं बोलावलं का नाय?"

पाळकसाहेब शांत स्वभावाचे. पुढच्या महिन्यात आले ते एस्टी कँटीनच्या पोऱ्याचं नाव घेऊनच, आणि मुक्कामी राहून संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊनही आले. काकांनी फक्त मान डोलावली. त्यांच्या लेखी ही मोठीच शाबासकी होती.

माझ्या वाट्याला त्यांनी दगडू दिला. दगडू त्याच गिरणीत हमाली करायचा आणि नुकताच उपासनेला येऊ लागला होता. "शमू, दगडू तुझा," काकांनी मला बाजूला घेऊन बजावलं. "हप्त्यातनं एकदा त्याच्या घरी जायचं. त्याच्याबरोबर जेवायचं. शास्त्राचा पाठ वाचायचा. त्याचं काही काम निघालं तर हात लावायचा. आनि हे त्याला सांगायचं नाय, माणूस बुजतो." मी इमानेइतबारे बुधवारी त्याच्याकडे जाऊ लागलो. गंमत म्हणजे तोही दर शनिवारी भल्या पहाटे माझ्या दारात हजर. "सहज आलो," म्हणायचा आणि माझी प्रार्थना झाली का ते बघत बसून राहायचा. माणूस फारच चिकट आहे, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. वर्ष उलटल्यावर उलगडा झाला. काकांनी त्यालाही बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शमू तुझा. शिकलेला हाय, पन ढिला हाय. आनि हे त्याला सांगायचं नाय."

मी तणतणत काकांकडे गेलो. ते अजिबात वरमले नाहीत. "मग? एकानं धरला तर सुटतो. दोघांनी एकमेकाला धरला तर कसा सुटंल?"

हे जोडीचं खूळ त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, आणि घाटात मुकादमही एकट्याला पाठवत नाही. दरड आली तर सांगायला दुसरा हवा. तेव्हा एकट्याने कुठे जायचंच नाही. आजाऱ्याला बघायला जोडीने, वर्गणीला जोडीने, न्हाव्याकडेसुद्धा जोडीने. काका खुर्चीत आणि मी बाकावर, असे कितीतरी रविवार मी घालवले आहेत.

मोठी मोहीम असायची ती पोलादपूरची. महाडची उपासना आटोपली की एस्टीने पोलादपूर. तिथे मार्थाबाई नावाच्या सुईणीच्या ओटीवर चार-पाच जण जमायचे. त्यासाठी दर रविवारी जोडीदार पकडायचा, आणि कोणी सापडला नाही की मी होतोच. ऊन असो, पाऊस असो, सावित्री दुथडी भरलेली असो, काकांची खेप चुकली नाही.

पण तिथे एक चमत्कारिक प्रकार घडायचा. प्रार्थना झाली की काका मला मार्थाबाईच्या ओटीवर बसवून ठेवत आणि छत्री घेऊन वरच्या वाडीकडे एकटेच चालू लागत. जोडीचा नियम धाब्यावर! परतीच्या गाडीच्या वेळेला येत. कुठे गेला होता विचारलं तर म्हणत, "काम हाय."

एकदा दारात आमच्या नर्सबाईंनी त्यांना उलट पकडलं. "काका, आम्हाला छळता. तुमचा कोण ते सांगा की!"

मला वाटलं, आता मोठी यादी ऐकायला मिळणार. काकांचा आवाज एकदम खाली आला. "हाय एक," ते म्हणाले. "रस्त्याचं काम चालू हाय. दरड लई मोठी हाय." आणि त्या दिवशी त्यांनी पुढे कोणालाच काही विचारलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते उपासनेच्या खोलीची कौलं सारखी करायला चढले. जोडीला दगडू होताच, शिडी त्यानेच धरली होती. शिडी जागच्या जागी राहिली, काका खाली आले. पाय मोडला. प्लास्टर घालून खाटेवर पडले आणि पहिल्याच शनिवारी मला बोलावणं आलं.

"शमू, उद्या पोलादपूर तुझ्याकडं. दगडूला घे. मार्थाबाईकडची प्रार्थना झाली, की त्याला तिथं बसव आनि तू वरच्या वाडीत जा. फणसाचं झाड असलेलं घर. माझा थोरला भाऊ, राघोदादा. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी म्हणाला, तुज्याशी बोलनं बंद, माज्या घरात पाऊल टाकू नको. मी पाऊल टाकत नाय. फणसाखाली उभा राहतो आनि हप्त्यातलं काय काय झालं ते मोठ्यानं सांगतो. तेवढंच करायचं."

"आणि ते काय म्हणतात?"

"मला नाय म्हनत काय. बैलाशी बोलतो. ढवळ्याशी. तू मनावर घ्यायचं नाय."

मी कचेरीतला माणूस. परक्याच्या अंगणात फणसाखाली उभं राहून ओरडायचं म्हणजे काय! पण गेलो. घराचं दार अर्धवट लोटलेलं, आत कोणी खोकल्याचा आवाज. मी घसा साफ करून सुरुवात केली. नर्सबाईंची बदली रद्द झाली. दगडूला आता स्वतःचं नाव लिहिता येतं. ड्रायव्हरच्या धाकट्याला गोवर आला होता, उतरला.

आतून आवाज आला. "ढवळ्या, आज गळा बदललेला दिसतो रे. रोजचा कुठं गेला, इचार बघू."

मी गोठ्याकडे पाहिलं. दावण रिकामी होती. गव्हाणीत जुनी टोपली आणि कोळिष्टकं. बैल तिथे नव्हताच.

क्षणभर कुणाला उत्तर द्यावं कळेना. शेवटी मीही गोठ्याकडे तोंड करून सांगितलं, "पाय मोडलाय. खाटेवर आहेत."

आत खोकला थांबला. मग, "कुठला पाय, इचार." मी म्हणालो, "उजवा." त्यानंतर दार लागलं.

महाडला परतल्यावर मी काकांना जपून सांगितलं, "काका, तुमच्या भावाच्या गोठ्यात बैल नाही हो."

"ठाव हाय मला," काका म्हणाले. "ढवळ्या मरून कैक वर्सं झाली. पन दादाला बोलायला कोनतरी पायजे ना."

एवढी वर्षं हा माणूस दर रविवारी एका मेलेल्या बैलाच्या वाट्याची दोन वाक्यं ऐकायला चढ चढत होता, आणि त्याला रस्त्याचं काम म्हणत होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी काकांकडे गेलो तर खोलीच्या दाराबाहेर एक उंच, वाळका म्हातारा उभा. काकांचंच नाक, काकांचीच भुवई. हातात सालासकट अर्धा फणस. उंबऱ्यावर पाऊल नव्हतं. आत खाटेवर काका उठून बसायची धडपड करत होते.

राघोदादांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गल्लीत माझी सायकल होती आणि मी होतो. ढोर एकही नव्हतं. माझ्याकडे त्यांनी जरा आशेने बघितलं, पण मी ठरवून सायकलकडे वळलो आणि तिची घंटी पुसू लागलो.

अखेर ते म्हणाले, "धोंड्या... दुखतं काय रे?"

दरीपलीकडे हाक पोचवणाऱ्या काकांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मग ओठ पुसून म्हणाले, "दादा, चढ-उतार करून आलास. पानी घे."

तांब्या मी नेऊन दिला. राघोदादांनी तो हातात धरून थोडा वेळ विचार केला, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या-उभ्याच सगळं पाणी प्यायले. फणस उंबऱ्याच्या आत ठेवला आणि वळले.

"शमू!" काकांचा मूळचा आवाज परत आला. "दादा एकलाच चाललाय! जोडीनं जा!"

मी धावलो. एस्टीपर्यंत म्हातारा माझ्या दोन पावलं पुढेच चालला. गाडीच्या पायरीवर चढल्यावर मात्र मागे वळून म्हणाला, "त्याला सांग, पाय बरा होईस्तवर दर ऐतवारी मी येनार. गावच्या बातम्या सांगंन. कोनीतरी जायला पायजे त्याच्याकडं. माज्याबिगर त्याचा हाय कोन?"

हा निरोप मी शब्दन् शब्द काकांना सांगितला. ते कौलांकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग एकदम माझ्याकडे वळले.

"शमू, ह्या हप्त्यात दगडूकडं गेलास का नाय?"