साळवे सरांच्या खड्ड्यातले कागद

सकाळी सकाळी शेजारचा माणूस दारात उभा राहून, "कालच्या भज्यांचा कागद टाकला नाहीत ना?" असं विचारतो, तेव्हा काय उत्तर द्यावं? मला अजून सुचलेलं नाही.

हे आमचे साळवे सर. ऐंशी सालच्या आसपास नाशिकरोडला भिंतीला भिंत लावून राहायचे. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. परसात गुलाब आणि गुलाबांसाठी खतखड्डा. त्यात स्वयंपाकघरातला कुठला कागद घालायचा, याची सर रीतसर परीक्षा घेत. वाटीभर पाण्यात तुकडा भिजवायचा, दुसऱ्या दिवशी बोटांनी चुरायचा. लगदा झाला की "पास!" वाण्याच्या पुडीचा कागद पास. पावाच्या कागदाला मेण, म्हणून नापास. चहाच्या पुड्याला आतून चांदी, तोही नापास. भज्यांचा तेलकट कागद? "ग्रेस मार्कांवर. पण रोज नको, मुंग्या होतात." मिठाईच्या खोक्याचा चकचकीत थर तर ते तासन्‌तास नखांनी सोलत बसायचे. शेवटी काकू आतून ओरडायच्या, "अहो, गुलाबांचं जेवण झालं असेल तर तुम्हीही या!"

आधी मी वैतागायचे. मग त्यांच्या नादी कधी लागले, कळलंच नाही. माझ्याही ओट्यावर वाट्या भिजू लागल्या.

एका श्रावणात काकू गेल्या. दिवाळीच्या तोंडावर सर लेकीकडे मनमाडला गेले, झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे ठेवून. म्हटलं, सणासुदीला बिचाऱ्यांचं स्वयंपाकघर तरी आवरावं. डब्यांच्या फळ्यांवर अंथरलेले वर्तमानपत्राचे कागद वर्षभरात काळे पडले होते. काढले, फाडले, खड्ड्यात घातले, वर पाणी मारलं. नवे कागद कापले, कडेला सुरेख झालर काढली. आता सर खूश होणार, म्हणून मीच खूश!

चार दिवसांनी सर आले. फळ्यांकडे बघत उभेच राहिले.

"आधीचे कुठंयत?"

"खड्ड्यात! वर्तमानपत्रच होतं ना, सर."

ते अनवाणीच परसात धावले. दोन्ही हात खड्ड्यात घातले. वर आला तो नुसता लगदा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते कागद गेल्या दिवाळीला काकूंनी कापलेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, चुकलं हो माझं."

"तुमचं काय चुकलं? मीच तर शिकवलं तुम्हाला."

हात धुऊन ते आत आले. माझ्या झालरीवरून बोट फिरवत म्हणाले, "छान कापलंय हो. तिची नेहमी वाकडी यायची. कापताना माझ्याशी बोलत असायची ना."