हॉटेलसह डोंगर

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत मोफत वाचनालयाचं चिटणीसपद मनमोहनने हौसेने घेतलं नव्हतं. त्याला समोरच्या बिऱ्हाडातली ललिता हवी होती आणि तिचे वडील तात्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. मनमोहनचे वडील अप्पा या सोयरिकीला कधीचे तयार होते. तात्यांची मात्र एक अट होती.

"वार्षिक समारंभ भांडणाशिवाय पार पाड," ते म्हणाले होते. "ज्याला एक सभा सांभाळता येत नाही, तो संसार काय सांभाळणार?"

अट वाटते तेवढी सोपी नव्हती. मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्याचे दिवस होते. गेल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रावर परिसंवाद ठेवला, तर सगळे वक्ते एकाच बाजूचे असूनही तीन खुर्च्या मोडल्या होत्या. म्हणून यंदा मनमोहनने असा विषय शोधला, ज्याच्याशी वाडीतल्या कुणाचं काडीचं देणंघेणं नसेल. कचेरीतल्या साहेबाने टाकून दिलेल्या एका विलायती मासिकात तो सापडला. स्वित्झर्लंडात बर्फाचा एक डोंगर होता आणि पायथ्याशी हॉटेल. पायांना लांब फळ्या बांधून उभ्याने घसरणारे स्कीवाले म्हणत होते, हा डोंगर फक्त आमचा. घसरगाडीत बसून येणारे म्हणत होते, आम्ही काय घोडं मारलंय? मनमोहनने ते चित्र कापून वाचनालयाच्या फळ्यावर लावलं आणि खाली वादाचा विषय लिहून टाकला.

मे महिना होता. अंगाला बनियन चिकटत होतं आणि फळ्यावर पांढराशुभ्र डोंगर होता. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबायचा आणि मग हलायचाच नाही. हळूहळू दुपारच्या झोपेत वाडी बर्फाची स्वप्नं पाहू लागली. ललिताच्या आईने, कालिंदीबाईंनी, गच्चीतल्या पापडांवर बर्फ पडताना पाहिला आणि त्या झोपेतच वाळवण गोळा करायला उठल्या. अप्पा तर स्वप्नात थेट प्रभादेवीपर्यंत घसरत गेले.

"सिद्धिविनायकाला बाहेरूनच नमस्कार केला," ते सांगत. "थांबताच येईना हो."

वादाच्या दिवशी अप्पाच पहिले बोलायला उठले. "डोंगर उभ्यांचाच. बसायला आपला ओटा आहे."

अध्यक्षांच्या खुर्चीतून तात्यांना राहवलं नाही. "म्हणजे ज्याचे गुडघे गेले, त्याने डोंगर बघायचाच नाही?"

"अध्यक्षांनी मत देऊ नये."

"हे अध्यक्षाचं नाही, गुडघ्यांचं मत आहे."

झालं. सभेत उभे आणि बैठे असे दोन तट पडले. सकाळी उभ्यांनी आणि संध्याकाळी बैठ्यांनी डोंगर वापरावा, असं कुणीतरी सुचवलं. त्याला "डोंगराचं द्वैभाषिक करू नका" म्हणून खाली बसवलं. दुसऱ्याने डोंगर अर्धा-अर्धा वाटून हॉटेल केंद्राकडे द्यायची तोड काढली आणि मग कुणी कुणाला आवरेना. हॉटेल केंद्राला द्यायची भाषा वाडी ऐकून घेणं शक्यच नव्हतं. "हॉटेलसह डोंगर मिळालाच पाहिजे," अशी एकच घोषणा दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या अंगावर फेकली. यंदा चार खुर्च्या मोडल्या.

"लग्नाचं विसर," तात्या जाताना मनमोहनला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कालिंदीबाईंनी मनमोहनच्या आईची वाटी रिकामी परत पाठवली. इतक्या वर्षांत त्या दोन घरांत कधी रिकामी वाटी गेली नव्हती. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घातलेली असायची.

जिन्यात ललिता भेटली. "तू कुठल्या बाजूचा रे?"

"मला नुसता बर्फ बघायचाय. तुझ्याबरोबर."

ललिताने कठड्यावरून हात फिरवला. स्वप्नात बर्फाच्या त्या डोंगरावर ते दोघं कितीदा जाऊन आले होते, फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं.

"रविवारी बक्षीस समारंभ आहे ना?" ती म्हणाली. "दगडूकडून बर्फाची लादी मागव. सगळ्यांना कोकम सरबत पाज. डोकी तरी थंड होतील."

रविवारी बर्फवाल्या दगडूने गोणपाटात गुंडाळलेली लादी आणून वाचनालयापुढे ठेवली. तिथून सार्वजनिक नळापर्यंत फरशीचा चांगलाच उतार आहे. दगडू बर्फ फोडायचा टोचा आणायला हातगाडीकडे वळला आणि अप्पांनी गोणपाट बाजूला सारलं. गार वाफ वर आली. त्यांच्या डोळ्यांत प्रभादेवी तरळली.

"तात्या, बर्फावर माणूस कसा उभा राहतो ते बघा," म्हणत त्यांनी लादीवर दोन्ही पाय ठेवले.

लादी हलली. अप्पा मटकन खाली बसले आणि बसल्या बसल्या, धोतर सावरत, उतारावरून निघाले. "अप्पा, धरा, धरा," करत तात्या गुडघे विसरून मागे धावले. त्यांचा पाय ओल्या गोणपाटावर पडला आणि तेही निघाले. पण हात पसरून, ताठ, उभेच्या उभे. लादी नळाच्या कठड्याला लागून फुटली. तात्या मागून येऊन अप्पांच्या खांद्याला धरून थांबले.

"तात्या," अप्पा म्हणाले, "बसून जाण्यात काय सुख आहे हो."

"छे. उभं राहूनच जावं," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "वारा लागला मला."

"म्हणजे तात्या, तुम्ही अप्पांचं म्हणणं मान्य केलंत," ललिता म्हणाली. "आणि अप्पांनी तुमचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही जिंकले होते. चहा कालिंदीबाईंकडे घ्यायचं ठरलं आणि तिथे, कुणी न काढताच, लग्नाचा विषय निघाला.

दारात मनमोहन ऐकत होता. आत तात्या म्हणत होते, "जेवण उभ्यानेच ठेवू, नव्या पद्धतीचं." अप्पा म्हणत होते, "अजिबात नाही. बसून, पाटावर. पंगतीशिवाय लग्न होणार नाही." दोघांचे आवाज चढायला लागले होते.

ललिताने नळाजवळून उचलून आणलेला बर्फाचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. तो चित्रातल्या डोंगराएवढाच पांढरा होता.

"बघितलास ना बर्फ?" ती म्हणाली. "आता हा वितळायच्या आत तारीख ठरवून घे."