पाच पायांचा बैल

रिसोडात निवृत्तीआबा माळ्यांना कोणी भीत नसे. भीत ते त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. ते एखाद्या वस्तूकडे वळलं की मागोमाग निकाल येई, "हे निबर गेलं." मग ती भेंडी असो की वकीलसाहेबांचा नवा कोट, गावाच्या लेखी ती निबर गेलेलीच असे. एका लग्नात त्यांनी अंतरपाटावरून बोट करून चक्क नवरदेवालाच निबर ठरवलं. लग्न लागलं, पण वऱ्हाड जेवायला बसलं ते आबांकडे पाठ करून.

मी शाळेत मास्तर. दोन महिने खपून बसवलेलं माझं नाटक आबांनी पहिल्याच प्रवेशात मोडीत काढलं. "मास्तर, तुमचा राजा सिंहासनावर बसला का बाजारात वांगे इकाले?" राजा खरोखरच तसा बसला होता, हे मला जास्त झोंबलं.

मळ्यात मात्र हेच बोट निराळं वागे. वेलावरचा कोवळा दुधी दाखवायचा तर आबा बोट दुमडून मुठीच्या पेराने दाखवत. कोवळ्या फळाकडे बोट केलं की ते कुजतं, ही माळ्यांची जुनी समजूत. मी एकदा नकळत बोट केलं, तर हातावर चापट बसली.

"पाप करता का मास्तर? त्याले अजून फूल चिकटून हाय!"

"तुम्ही तर साऱ्या गावाकडे बोट करता," मी म्हटलं.

"गाव काय कोवळं हाय?"

घरात ते एकटेच. बायको मागेच वारलेली, एकुलती एक मुलगी गिरजा इंझोरीला दिलेली. ती दिवाळीला येई, चार दिवस राही आणि बापाशी कामापुरतं बोले. अंगणातली रांगोळीसुद्धा शेजारणीकडून काढून घेई. कोणी कारण विचारलं की आबांचं बोट बंडीच्या खिशात नाहीसं होई.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका हिवाळ्यात गावात डफडं वाजलं. कागदावरची चित्रं पडद्यावर चालणार, बोलणार, आणि तेही खास मुलांसाठी! कापसाच्या जिनातल्या रिकाम्या वखारीच्या खिडक्यांना पोती लावून भरदुपारी अंधार केला गेला. उद्घाटनाला वकीलसाहेब. त्यांनी खेळ न पाहताच त्याची अर्धा तास स्तुती केली. पाहून केली असती तर इतका वेळ लागला नसता. आमच्या हेडमास्तरांनी बालमनावरील संस्कारांचा उल्लेख केला. कोणते, ते सांगितलं नाही. आबा सिनेमाच्या यंत्राच्या पुढ्यात एका कापसाच्या गाठीवर बसले होते. मुलं एकदा पडद्याकडे, एकदा मागे वळून आबांकडे पाहत होती.

खेळ सुरू झाला. जत्रेला निघालेल्या एका बैलाची गोष्ट होती. बैल निघाला खरा, पण पोचण्याची त्याला घाई नव्हती. एकच बाभूळ मागून पुन्हा पुन्हा येऊ लागली.

"अरे, बाभूळच चालून राह्यली! बैल तं उभाच हाय!" कोणीतरी ओरडलं.

बैलाने तोंड मिटल्यावर त्याचा आवाज आला. आवाज बायकी होता.

"गाय हाय वाटते."

"आमचा बैल बोलला असता तं पयले मलेच शिव्या देल्ल्या असत्या!"

पुढच्या ओळीतली दोन पोरं झोपली. वकीलसाहेब शेजाऱ्याला सांगू लागले की त्यांना आधीपासूनच शंका होती. एवढ्यात बैल धावू लागला आणि चित्रकाराच्या हातून की यंत्राच्या चुकीने, कोण जाणे, त्याला एक पाय जास्त फुटला.

"पाच पाय! बैलाले पाच पाय!"

वखार हसून फुटायची वेळ आली. हसणाऱ्यांत मीही होतो. मग सगळ्या माना मागे वळल्या. निकाल अजून यायचा होता.

आबांचा हात वर गेला. यंत्राच्या झोतात बोटाची सावली पडद्यावर पडली, बैलाहून मोठी. मग सावली हळूच दुमडली.

"कोवळं हाय," आबा म्हणाले. "बोट नोका दाखवू." आणि उठून चालू लागले.

गावाची एवढी निराशा त्या खेळानेसुद्धा केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला मळ्यात बोलावलं. गावातली अर्धी पत्रं मीच लिहीत असे, म्हणून कार्ड नि दौत घेऊनच गेलो. विहिरीजवळच्या खोपीची भिंत चुन्याने पांढरीफेक होती. मधे परातीएवढी जागा मात्र चुना न लावता सोडलेली, आणि तिच्यात कोळशाने काढलेला, पुसट झालेला एक बैल. मी पाय मोजले.

"गिरजीनं काढला," आबा म्हणाले. "आठ वर्साची व्हती. मी साऱ्या गड्यायदेखत बोट दाखोलं. म्हटलं, बैल हाय का खेकडा? सारे हासले. पोरगी म्हने, 'बावा, तो चालून राह्यला ना!' मी आयकलंच नाही. त्या दिसापासून तिनं कोयसा हाती धरला नाही."

मी कार्ड मांडीवर घेतलं.

"लिवा, का सिनेमातल्या बैलालेबी पाच पाय व्हते."

लिहिलं.

"लिवा, का सारे हासले."

लिहिलं. "पुढे?"

आबा भिंतीकडे वळले.

"बावा नाही हासला, असं लिवा."

शाई वाळेपर्यंत ते भिंतीपाशी उभे होते. बैलाचा जास्तीचा पाय कोणता, हे मला दाखवायला त्यांनी हात वर केला. बोट दुमडलेलं होतं.