बरोबर निम्मा कोहळा

कमळाला एका शब्दाचा अर्थ तोंडी सांगितला असता तर काही बिघडलं नसतं. पण मी तो करून दाखवायचं ठरवलं. (लग्नानंतर मी ठरवलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली ही एक.)

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. बालवाडीत नोकरी मिळावी म्हणून आमची ही बाहेरून दहावीला बसली होती. एका रविवारी पुस्तकातून मान वर काढून तिनं विचारलं, "अहो, बायसेक्ट म्हणजे काय?"

"बरोबर दोन समान भाग करणे," मी म्हणालो. रत्नागिरीच्या कचेरीत मी जमीनमोजणीच्या अर्जांवर शिक्के मारायचो. तेव्हा हा विषय माझाच! "चल, कोहळ्यावर दाखवतो."

"पुस्तकात रेघेला करतात, कोनाला करतात. कोहळ्याला करतात?"

"इंग्रजीत सगळं चालतं!"

हा कोहळा साधा नव्हता. वेल शेजारच्या मथुरावहिनींच्या परसातला, कोहळा मात्र आमच्या कौलांवर धरलेला. त्यावरून दोघींचा पंधरा दिवस अबोला. शेवटी निम्मा-निम्मा ठरला होता. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला बायका सुरी लावत नाहीत, पहिला घाव पुरुषानं घालायचा. एक घाव घालून मी बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम होतं.

पण घाव म्हणजे अंदाज. मी टेप आणली. खडूनं रेघ मारली, तर कोहळ्यावर आधीच पांढरी भुकटी, रेघ दिसेना. मग कोळशानं मारली. ती देठाकडे तिरकी गेली. पुसून पुन्हा मारली. कोहळा काळा झाला, मी त्याहून काळा.

"भाऊजी, कोयता घाला नि मोकळे व्हा हो," मथुरावहिनी म्हणाल्या. "संध्याकाळ झाली तरी सांडगे व्हायचे नाहीत."

"वहिनी, एक तोळाही इकडचा तिकडे जाणार नाही," असं म्हणून मी करवत काढली.

करवत मध्यापर्यंत छान गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी कोहळ्यावर पाय रोवला आणि सगळी ताकद लावून मूठ ओढली. मूठ माझ्या हातात आली. मी अळवात बसलो. आणि कोहळा पोटातल्या करवतीसकट घरंगळला, तो थेट चिऱ्यांच्या घाटीवरून! प्रत्येक पायरीवर थोडा थोडा कमी होत तो खाली वहाळाच्या पात्रात पोचला.

दोघी धावल्या. मी अळवातूनच ऐकत होतो.

"समान दोन भाग ना हो?" खालून कमळा ओरडली. "हे नऊ आहेत! आणि दोन शेळीनं नेले!"

"अगो कमळे," मथुरावहिनी म्हणाल्या, "तुझा नवरा म्हणजे अगदीच हा आहे हो!"

"अगदीच, वहिनी!"

अबोला कायमचा संपला. माझ्या बाबतीत दोघींचं इतकं एकमत झालं, की त्यात बरोबर निम्मा वाटा कुणाचा, हे मोजूनही सांगता आलं नसतं.

महिन्याभरानं वेलावरचा दुसरा कोहळा तयार झाला. मी उत्साहानं बाह्या सरसावून परसात गेलो, तर मथुरावहिनींचे यजमान लवूभाऊ कोयता घेऊन हजर. एकाच घावात त्यांनी कोहळ्याचे दोन तुकडे केले.

माझ्या मनाला लागलं. मी कमळाला बाजूला घेतलं. "अगं, मी घरात असताना त्यांना कशाला बोलावलंस? पहिला घाव पुरुषानं घालायचा ना?"

"म्हणूनच तर बोलावलं," ती म्हणाली.