साहेबांचं दूध

साहेबांनी भाताचा तिसरा घासही फुर्रकन उडवून लावला आणि त्यांच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब दीड वर्षांचे. गाईच्या दुधाने त्यांच्या अंगावर पुरळ उठायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोयाचं, कॅल्शियम घातलेलं दूध दिवसाला दोन कप सांगितलं होतं. बाकी सगळं जेवण. दूध साहेब गटागट प्यायचे. ताट दिसलं की तोंड फिरवायचे. वजन वाढायचं सोडून चक्क घटलं होतं.

आई स्क्रूच्या कारखान्यात तपासनीस. एक स्क्रू वाकडा निघाला, तरी तो करणाऱ्याची ती बिनपाण्याने करायची. घरी आल्यावरही नजर तीच असायची.

"आज दुपारी काय खाल्लं याने?" तिने सासूबाईंना विचारलं.

"दोन घास खाल्ले गं. पुढे खाईना."

"दोन घासांवर मूल वाढतं का? दिवसभर घरातच असता ना तुम्ही?"

सासूबाईंच्या हे जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बदाम भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध साहेबांना दुपारी भरपूर पाजू लागल्या. सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्यातही खोट काढली असती.

साहेबांचे ते दोन घासही बंद झाले. मग पाळी नवऱ्याची आली.

"तू बाप आहेस की पाहुणा? याच्या पोटात काय जातं, कधी बघितलंस?"

त्या दिवसापासून संध्याकाळी साहेबांना फिरवून आणण्याच्या निमित्ताने नवराही ओट्सचं दूध पाजू लागला. खोका त्याने बुटांच्या कपाटात लपवला होता. साहेब खुशीत असायचे. जेवायच्या वेळी मात्र ओठ घट्ट मिटून बसायचे, आणि आई भांडी आदळायची.

शेवटी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सगळ्यांना दवाखान्यात नेलं. वजनाचा काटा मागच्यापेक्षाही खाली गेला होता.

"घरात एकालाही पोराची पडलेली नाही!" ती डॉक्टरीणबाईंसमोरच कडाडली.

"दूध किती पितो?"

"दोन कप. मोजून."

सासूबाई खाकरल्या. "मी दुपारी जरा बदामाचं देते."

"मी संध्याकाळी ओट्सचं," नवरा पुटपुटला.

"त्यात प्रथिनं अगदीच कमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट टम्म भरतं, मग जेवायला जागा कुठून राहणार? आणि लोह मिळणार कशातून?"

आईच्या रागाला आता ऊतच आला. "माझ्या पाठीमागे चोरून पाजता? मी इथे ओरडून ओरडून घसा कोरडा करतेय आणि तुम्ही..."

"आणि रात्री?" डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघत विचारलं.

"रात्री काय?"

"उठतो का?"

"उठतो. मग बाटली देते सोयाची. जेवलेला नसतो ना, उपाशी कसा ठेवू?"

"एकदाच?"

"तीनदा," ती खाली बघत म्हणाली.

नवरा छताचा पंखा निरखत होता. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"सर्वांत जास्त दूध रात्रीच जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं बंद करा. दोनच कप, तेही जेवणानंतर."

बाहेर बाकावर तिघंही बसली. तिला राग येत होता, पण आता तो कोणावर काढावा हे सुचत नव्हतं. सकाळपासून बाटली न मिळालेल्या साहेबांनी तिची पिशवी उपसली आणि तिचा जेवणाचा डबा बाहेर काढला. रागाच्या भरात तिने तो उघडलाच नव्हता. साहेबांनी उकडलेलं अंडं खाल्लं, बटाटा खाल्ला, पावाचा शेवटचा तुकडाही तोंडात कोंबला आणि रिकामा डबा तिच्या हातात दिला. तिचे डोळे भरून आले. तिने ते कोणाला दिसू दिले नाहीत.

घरी पोचेपर्यंत तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते.

"जेवायला काय आहे?"

"दवाखान्याच्या गडबडीत काही केलंच नाही," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने बुटांच्या कपाटातून खोका काढला, कप भरला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो उभ्याउभ्याच संपवला.

"याला काही चव तरी आहे का?"

"साहेबांची कधी तक्रार नव्हती," नवरा म्हणाला.

तिने दोघांकडे जळजळीत नजरेने बघितलं आणि कप पुन्हा पुढे केला.